सब-लेफ्टनंटचे शोल्डर बोर्ड घेताय? आधी लूप बघा

धाकटी बहीण केरळातल्या एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीतून पास आउट झाली, आता ती सब-लेफ्टनंट, म्हणजे नौदलात अधिकारी आहे. परेड संपल्यावर अंतिम पग, म्हणजे अकॅडमीतलं शेवटचं पाऊल झालं आणि मग आईने एका खांद्यावर आणि बाबांनी दुसऱ्या खांद्यावर तिच्या शोल्डर बोर्डवरची, म्हणजे खांद्यावरच्या हुद्द्याच्या फळीवरची, झाकलेली सोनेरी पट्टी उघडी केली. आईचे हात थरथरत होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. ते बोर्ड तिला तिथूनच मिळाले होते, पण पोस्टिंगला जायचं तर जास्तीच्या दोन जोड्या हव्यात म्हणाली, पांढऱ्या शर्टावर घालायच्या, दमट हवेत एकच जोडी रोज घामात भिजली तर किती टिकणार. ते काम मी अंगावर घेतलं आणि त्यात जे शिकलो ते लिहितोय, कारण सगळ्या घरांत हे माहीत नसतं.

पहिली जोडी ऑनलाइन मागवली. फोटोत झकास होती, खाली नेव्ही ऑफिसर असं लिहिलेलं, म्हटलं झालं काम. पार्सल फोडलं तर पट्टी सरळ! लूपच नाही. नेव्हीच्या सब-लेफ्टनंटला सोनेरी पट्टी एकच असते पण तिच्यावर गोल वेढा असतो, कॉलरकडच्या बाजूला. लूप नसलेल्या सरळ पट्ट्या विमानाच्या पायलटच्या खांद्यावर असतात. बटणावर नुसता नांगर, वर अशोकस्तंभाचे सिंह नाहीत. पट्टीची लेस नायलॉनची, झगझगीत पिवळी, आणि कापलेल्या कडेला दोन धागे आत्ताच सुटलेले. ताबडतोब परत केली. पैसे आले, पण बारा दिवस गेले ते गेलेच.

मग मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या युनिफॉर्म टेलरकडे गेलो. दुकान एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की भरलं. काकांनी आधी बहिणीचं आयकार्ड मागितलं, मी फोनवरून तिच्याशी बोलणं करून दिलं तेव्हाच पुढची बात केली, आणि मला ते फार आवडलं, वर्दीचा माल असा कोणालाही मिळता कामा नये. मग त्यांनी दोन लेस काढून ट्यूबलाइटखाली धरल्या. एक जरीची, थोडी मंद, सोन्यासारखी. दुसरी सिंथेटिक. म्हणाले जरीची दिसते छान पण खाऱ्या हवेत काळी पडते, रोजच्याला सिंथेटिक घ्या आणि समारंभाला जरीची ठेवा. महागडी माझ्या गळ्यात मारायची संधी होती तरी असं सांगितलं.

शिवण बघाल तर बघतच राहाल. लूप अंडाकृती नाही, एकदम गोल, पट्टी जिथे स्वतःवरून जाते तिथे कुठे फुगवटा नाही, टाके आतल्या बाजूने घेतलेले. बोर्ड दाबला तर वाकत नाही आणि खांद्याच्या उताराला बरोबर बसतो. दोन जोड्यांना पाच दिवस लागले आणि पाचव्या दिवशी तयारच होत्या.

बाहेर एका दुसऱ्या दुकानात मला सांगण्यात आलं की आता शिवाजी महाराजांचं नवीन डिझाइन आलंय, जुनं चालणार नाही. ते अर्धवट आहे हो. 4 डिसेंबर 2023 ला मालवणला नौदल दिनाच्या कार्यक्रमात त्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्याच्या शेवटी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेलं नवं डिझाइन आलं ते अॅडमिरल लोकांच्या बोर्डसाठी. सब-लेफ्टनंटची पट्टी आहे तीच आहे. भीतीपोटी जास्त पैसे मोजू नका.

आणि नातेवाईकांसाठी एक. आमच्याकडे एक मामा म्हणाले सब म्हणजे अजून पूर्ण लेफ्टनंट नाही ना, आर्मीवाल्याला दोन स्टार असतात हिला एकच पट्टी. तर नाही! नेव्हीतला सब-लेफ्टनंट, आर्मीतला लेफ्टनंट आणि एअर फोर्सचा फ्लाइंग ऑफिसर तिघेही एकाच पायरीवर, पगार लेव्हल 10, मूळ 56,100 पासून. नेव्हीतला लेफ्टनंट हा आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीचा. एका पट्टीमागे तिने काय सोसलंय ते मी बघितलंय, म्हणून हे सांगताना जरा आवाज चढतो माझा.

तक्रार एकच, दुकानात फक्त रोख चालतं आणि कुरिअर करत नाहीत, स्वतः जाऊन आणायला लागतं. बोर्ड कोचीला मी नेऊन दिले. तिने डबा उघडला, लूपवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, दादा, अगदी आईने उघडी केलेल्या पट्टीसारखाच आहे.