एकट्या माणसाने जेवावं कुठे? कॉलेज स्ट्रीटवरचं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल

एकट्याने फिरणाऱ्यांचे हाल नव्या शहरात जेवणाच्या टेबलावर होतात. चौघांची जागा अडवली म्हणून वेटरचं तोंड वाकडं, आणि मागवावं ते दोघांना पुरून उरेल एवढं. म्हणजे एक भाजी, एक भात, की पोट भरलं. एका शहरात तर मला ‘मासे थाळी किमान दोघांसाठी’ असं ऐकवून बाहेर काढलं होतं. कोलकात्याच्या पाइस हॉटेलांनी हा प्रश्न शंभरेक वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलाय.

पाइस म्हणजे पैसा. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हाच्या या खाणावळी, मेसमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक खोल्यांत, राहणाऱ्या एकट्या कारकुनांच्या आणि विद्यार्थ्यांच्या. इथे प्रत्येक जिन्नस वेगळा मागायचा, त्याचे पैसेही वेगळे. अगदी केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेसुद्धा. वाचताना कंजूषपणा वाटेल, पण वाटी लहान आणि किंमत बेताची असल्यामुळे एकटा माणूस सहा-सात पदार्थ सहज चाखू शकतो.

त्यातलंच एक, कॉलेज स्ट्रीटवरचं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल गाठायचं म्हणून गीतांजली एक्सप्रेसने दुपारी हावड्याला उतरले, सॅक क्लोकरूममध्ये टाकली आणि हुगळीखालून जाणारी मेट्रो धरली. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोत नदीखालचा पट्टा मिनिटभरातच संपतो, फार अपेक्षा ठेवू नका. एस्प्लनेडला गाडी बदलून महात्मा गांधी रोडला उतरायचं. तिथून पुस्तकांच्या टपऱ्यांमधून वाट काढत प्रेसिडेन्सी विद्यापीठाजवळची भवानी दत्त लेन गाठायची. हॉटेल १९२७ पासूनचं, ओडिशातून आलेल्या पंडा कुटुंबाचं. आधी नुसतं ‘हिंदू हॉटेल’ होतं, देश स्वतंत्र झाल्यावर नावात ‘स्वाधीन भारत’ आलं. सुभाषबाबू इथे जेवायचे असं सांगतात.

“अकेला है दीदी?” वाढप्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता एका टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर पान मांडलं. त्या टेबलावर आधीच तिघं जेवत होते, तिघंही एकमेकांना अनोळखी. कोणी मान वर केली नाही. एकटी बाई दिसली की चौकशा सुरू होतात, इथे त्या लोकांना आपापल्या माशातून डोकं काढायला सवड नव्हती!

मी अलिबागची, त्यामुळे बसल्या बसल्या मासा मागितला. “दादा, पार्शे.” तो हसला आणि आधी मसूर डाळ नि बटाट्याचं भाजा, म्हणजे तळलेला बटाटा, वाढून गेला. ते संपल्यावर खसखशीत शिजवलेला बटाटा, आलू पोस्तो. मासा त्यानंतर. आपल्यासारखं डावं-उजवं एकदम मांडून कालवत बसायचं नाही, एकामागून एक खायचं. पोस्तो मला दुधातल्या औषधासारखा सौम्य लागेल अशी भीती होती. तसं काही झालं नाही. वरच्या कच्च्या मोहरीच्या तेलाने त्याला चांगलीच धार होती.

पार्शे म्हणजे आपल्या बोईटाच्या जातीतला बारका मासा, इथे मोहरीच्या रश्शात. आपण मोहरी फेसून लोणच्यात घालतो, ती अख्ख्या कालवणभर! कोकम नाही, चिंच नाही, नारळाचा पत्ता नाही. पहिल्या घासाला नाकात झिणझिण्या, तिसऱ्यापासून मी अजून भात मागवायला लागले. खरं सांगायचं तर आमच्या जिताड्याची गादी याने हलत नाही. पण मसाला मागे ठेवून मासा पुढे करायची बंगाली रीत आम्हा आगरी-कोळी चवीवर वाढलेल्यांनी एकदा तरी शिकावी.

मग कटला, गोड्या पाण्यातला मोठा मासा. वाढप्याने विचारलं, “पेटी ना गादा?” मी समोरच्या आजोबांकडे पाहिलं. त्यांनी हाताने स्वतःचं पोट दाखवलं. पेटी म्हणजे पोटाकडचा तुकडा, काटे मोठे आणि मोजके. पाठीकडच्या गाद्यात दुभंगलेले बारीक काटे असतात. ते वाढत्या रांगेकडे पाहत घाईत खायचं काम नव्हे. शेवटी टोमॅटोची गोड चटणी आणि पापड.

हिशेब वाढप्याने तोंडीच केला: पान, भात, डाळ, भाजा, पोस्तो, पार्शे, कटला, चटणी, पापड. मुंबईत एका सुरमई थाळीला मोजते त्याच्या निम्म्याच्या आसपास.

आरामात गप्पा मारत बसायचं असेल तर ही जागा नव्हे. जेवलात की उठा, मागे माणूस उभा असतो. गप्पांसाठी कॉलेज स्ट्रीटचं प्रसिद्ध कॉफी हाऊस जवळच आहे. एक-दीडला ऑफिसांची गर्दी उसळते, म्हणून साडेबारापूर्वी जा, सुटे पैसे ठेवा आणि फळ्यावरची पदार्थांची बंगाली यादी वाचता येत नसेल तर शेजाऱ्याच्या पानाकडे बोट दाखवा. चौघं मिळून जाणार असाल तर मात्र चार वेगवेगळ्या टेबलांवर बसायची तयारी ठेवा.