गोचिडांवरील डेल्टामेथ्रिन: दोन उन्हाळ्यांचा अनुभव

संगमनेर तालुक्यातील आमच्या गोठ्यात चार होल्स्टिन संकरित गाई आणि दोन कालवडी आहेत. गोचिडांसाठी गेली दोन वर्षे मी मिलिलिटरला 12.5 मिलिग्रॅम तीव्रतेचे डेल्टामेथ्रिन वापरत आहे. औषध गुणकारी आहे; बाटलीवरची माहिती मात्र फारच तोकडी आहे.

गोचिडांसाठी प्रमाण लिटरला 2 मिली असल्यामुळे 50 मिलीच्या बाटलीत 25 लिटर द्रावण होते आणि आमची सहा जनावरे भिजवूनही बाटली निम्मी उरते. केसांच्या उलट दिशेने फवारल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी मानेखालची पोळी आणि कासेचा भाग स्वच्छ दिसतो. कानाच्या आत फवारा पोहोचत नाही, तेथे भिजवलेले फडके फिरवावे लागते. तणनाशकाचा पंप यासाठी चुकूनही वापरू नये.

पहिल्या उन्हाळ्यात मी केवळ जनावरांवर फवारणी केली आणि तीन आठवड्यांत गोचिडे पूर्ववत झाली. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावरावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत, दगडांखाली हजारो अंडी घालते, ही साधी बाब बाटलीवर कुठेही लिहिलेली नव्हती. त्याच मे महिन्यात एका कालवडीला 105 अंश ताप आला, तिच्या खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली आणि तिने वैरण सोडली. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासला, तेव्हा थायलेरिओसिस असल्याचे निष्पन्न झाले. हायलोमा जातीच्या गोचिडांमुळे पसरणारा हा रोग देशी गाईंपेक्षा संकरित जनावरांना अधिक जड जातो. बुपारव्हाक्वोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाल्याने कालवड वाचली.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेण-मूत काढून, भेगा सिमेंटने बुजवून, भिंती, दावण आणि खांबांचे सांधे यांवरही फवारणी केली, तीन आठवड्यांनी ती पुन्हा केली, आणि या वेळी फरक टिकला. आमच्या देशी कोंबड्या गोठ्यातील गोचिडे आवडीने टिपतात, म्हणून फवारणीच्या दिवशी त्यांना बाहेर ठेवतो आणि गव्हाण व पाण्याची टाकी झाकतो. खुद्द कोंबड्यांना त्रास देणारी गोचीड निराळी असते. ती दिवसा खुराड्याच्या फळ्यांच्या फटींत लपते, रात्री रक्त शोषते आणि स्पायरोकीटोसिस हा कोंबड्यांचा जिवाणूजन्य रोग पसरवते, त्यामुळे खुराडे रिकामे करून त्या फटींवरही फवारले. पंप शेततळ्याजवळ धुऊ नये, कारण हे औषध माशांना प्राणघातक आहे.

तक्रारी दोन आहेत. आमच्या बाटलीवर मराठीत एकही ओळ नव्हती, आणि इंग्रजी अक्षरे भिंगाखाली धरल्याशिवाय वाचता येत नव्हती. दुकानदाराने तर "थोडं जास्तच टाका" असा सल्ला दिला. अंदाजाने कमी टाकले तर गोचिडे औषधाला सरावतात आणि जास्त टाकले तर जनावराला विषबाधा होऊ शकते, तरीही सोबत मापाचे झाकण दिलेले नव्हते.

पाचपैकी चार गुण देतो. माप सध्या 5 मिलीच्या सिरिंजने घेतो. ती गोठ्याच्या खुंटीला दोरीने बांधून ठेवली आहे, म्हणजे घरात दुसऱ्या कामाला कोणी नेणार नाही.