दोन जोडण्यांसाठी घेतलेले दुसरे नेटवर्क कार्ड

डिचोलीत घरून काम करणाऱ्याला पावसाळ्यात एकाच इंटरनेट जोडणीवर विसंबून राहता येत नाही, कारण माडाची झावळ किंवा आंब्याची फांदी खांबावरच्या फायबर केबलवर पडली की ती सांधायला कधी दोन तास लागतात, तर कधी दोन दिवस. म्हणून मी सिमकार्डावर चालणारा फोर-जी राउटर घेतला आणि दोन्ही जोडण्या एकाच संगणकात आणण्यासाठी म्हापशाच्या एका दुकानातून रियलटेक आरटीएल ८१११ चिप असलेले गिगाबिट नेटवर्क कार्ड आणले.

कार्डाबद्दल तक्रारीला जागा नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वांत लहान स्लॉटमध्ये ते बसते, बुटक्या कॅबिनेटसाठी वेगळी पट्टी खोक्यातच मिळाली आणि सोबतच्या सीडीची गरज पडली नाही, कारण या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतो. माझ्या संगणकावरच्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीने ते पहिल्याच वेळी ओळखले.

खरे काम त्यानंतर सुरू झाले आणि त्याविषयी माहितीपत्रकात एक ओळही नाही. माझ्या दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता आणि दोघेही एकाच मालिकेतले पत्ते वाटत होते. परिणामी फोर-जी राउटरचे सेटिंगचे पान उघडायला गेले की फायबरवाल्या राउटरचे पान समोर येई. फोर-जी राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलल्यावर हा घोळ मिटला. दुसरे कार्ड घेणाऱ्याने स्क्रू पिळण्याआधी हे तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतर प्रश्न आला डिफॉल्ट मार्गाचा. डेटाचे पाकीट (पॅकेट) पाठवताना संगणक राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठायचा याच्या यादीत, त्या पत्त्याला सर्वांत नेमकी लागू पडणारी नोंद शोधतो आणि तशी नोंद नसेल तर डिफॉल्ट मार्ग धरतो; दोन राउटरांकडून असे दोन मार्ग आले, तर ज्याचे मेट्रिक, म्हणजे पसंतीक्रमाचा आकडा, कमी तो निवडला जातो. हे मेट्रिक आपोआप ठरू दिले, तर कोणती तार आधी जोडली गेली यावर निवड अवलंबून राहू शकते, म्हणून मी फायबरला १०० आणि फोर-जीला २०० असे आकडे स्वतः घातले.

एवढ्याने काम भागले असे मला वाटले होते, पण जुलैत केबल तुटली तेव्हा संगणक फोर-जीकडे वळलाच नाही. खांबावरची केबल तुटली तरी घरातला राउटर चालूच असतो, कार्डाचा दिवा जळत राहतो आणि संगणकाच्या लेखी तो मार्ग शाबूत असतो. यावरचा उपाय लिनक्समधल्या जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजर या प्रोग्राममध्येच आहे: त्यातील जोडणीची तपासणी चालू केली की जिथून इंटरनेट मिळत नाही त्या मार्गाच्या मेट्रिकमध्ये २०००० ची भर पडते आणि दुसरा मार्ग आपसूक पुढे येतो. ही सोय मला संपूर्ण मांडणीतली सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच शोधायला मला सर्वाधिक वेळ लागला.

बाहेरून घरच्या संगणकाला जोडून घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. एका कार्डावरून आलेल्या विनंतीचे उत्तर डिफॉल्ट मार्गाने दुसऱ्या कार्डावरून निघाले, तर जोडणी जुळत नाही. त्यासाठी प्रत्येक कार्डाला स्वतंत्र राउटिंग टेबल देऊन, पाकिटावरील पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून टेबल निवडण्याचा नियम लिहावा लागतो. मला फायबरसाठी असा एक नियम पुरला.

दुकानात मला सांगण्यात आले होते की दोन तारा लावल्या की वेग दुप्पट होतो. तसे होत नाही. एका वेळी एक डाउनलोड एकाच मार्गाने जाते. शिवाय मार्ग बदलतो त्या क्षणी आपला बाहेरचा पत्ताही बदलतो, त्यामुळे चालू व्हिडिओ कॉल सहसा तुटतो आणि पुन्हा लावावा लागतो. दोन दिवस काम ठप्प होण्यापुढे ही गैरसोय मला क्षुल्लक वाटते, आणि हजार रुपयांच्या आत मिळालेले हे कार्ड मी पुन्हा घेईन, मात्र मार्गांची मांडणी करायला सुटीचा एक अख्खा दिवस हाताशी ठेवूनच.