यूव्हीबी केबिन : ३४ बैठकांनंतरचा अभिप्राय

त्वचेवर अतिनील (यूव्हीबी) प्रकाश देणाऱ्या या केबिनला पाचपैकी चार तारे.

मी मुद्रितशोधक. चूक दिसली की हात शिवशिवतात. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या मुलीने फाइलवर ‘फंगल’ लिहिलं, ते मी तिथेच खोडायला लावलं. माझा आजार मायकोसिस फंगॉइडिस; त्याचा बुरशीशी काही संबंध नाही. हा त्वचेतल्या टी पेशींचा, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा लिम्फोमा, एक कर्करोग. आलिबेर या फ्रेंच डॉक्टरने १८०६ मध्ये त्याचं वर्णन केलं, गाठी अळंबीसारख्या दिसल्या, आणि तेच नाव चिकटलं. अशी चूक छापून गेली की कोण दुरुस्त करणार?

त्याआधी दुसरीकडे दोन वर्षं एक्झिमा म्हणून औषधं चालली. शेवटी आयएल-४ आणि आयएल-१३ या प्रतिकार पेशींच्या निरोप्या प्रथिनांचं काम अडवणारं इंजेक्शन सुरू झालं. थोडे दिवस बरं वाटलं, मग चट्टे पोटापर्यंत पसरले. इथल्या डॉक्टरांनी ते आधी बंद केलं आणि दोन जागांची बायोप्सी घेतली.

तारे खरे मिळतात ते त्यांच्या समजावण्याला. रात्री दोनला खाजवत बसायचो, तर जो तो म्हणे तेल लावा, कोरडेपणा आहे. यांनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढलं. आजार कोवळा असतो तेव्हा त्वचेत इंटरफेरॉन-गॅमा या अशाच निरोप्या प्रथिनाचा जोर असतो, म्हणजे शरीर झुंज देत असतं. पुढे पारडं आयएल-४, ५ आणि १३ कडे झुकतं. त्वचेचा बांध कच्चा होतो, स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू वस्ती करतो आणि त्याची विषं बिघडलेल्या पेशींना आणखी चिथावतात. त्याच पेशींतून सुटणारं आयएल-३१ खाजेच्या नसांना जागं करतं. तेलाने हे कसं थांबणार!

केबिन म्हणजे उभ्या ट्यूबलाइटांचं कपाट. ३११ नॅनोमीटरचा प्रकाश, आठवड्यातून तीनदा. डोळ्यांवर काळा चष्मा, नाजूक जागी झाकण. पहिल्या दिवशी मिनिटही पुरं झालं नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. मात्रा हळूहळू चढवतात. आदल्या वेळी लाली आली का, हे तंत्रज्ञ दर वेळी विचारून लिहून ठेवतो. प्रकाशाने वरच्या थरातल्या त्या पेशी मरतात. खाज साधारण दहाव्या बैठकीनंतर उतरली, पाठीचे पातळ चट्टे तिसाव्यापर्यंत फिके पडले. मांडीवरचा जाड चट्टा मात्र जागचा हलला नाही; हा प्रकाश तितका खोल जात नाही. त्यासाठी वेगळं मलम चालू आहे.

एक तारा कापला तो वेळापत्रकासाठी. दोनदा न कळवता केबिन बंद होती. खंड पडला की मात्रा मागे घ्यावी लागते, हे यांनीच सांगितलेलं. शिवाय कपडे टांगायला एक खुंटी नाही.

जाणार असाल तर क्रीम प्रकाश घेऊन झाल्यावर लावा. आधी लावून गेलो होतो, तर पुसून यायला लावलं.