दुबईची ऑफर की नागपूरच्या मिहान या उद्योग-आयटी क्षेत्रातली नोकरी?
दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, हे खरं. पण घरभाड्याचे चेक आगाऊ द्यावे लागतात, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. ती गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर परत या. पीएफ नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार, तीही वर्षभर टिकलात तर.

मिहानमध्ये पगार कमी, आणि तो करमर्यादेच्या वर गेला तर करही कापणार. मात्र पीएफमध्ये कंपनीही भर घालते, आणि आईवडिलांचं घर धरमपेठेत असेल तर भाडं शून्य. उन्हाळा, म्हणाल तर, दोन्हीकडे सारखाच छळतो.

डोक्यावर कर्ज आणि वय तिशीच्या आत असेल, तर मी दुबईच म्हणेन. फक्त ऑफर लेटरमध्ये भत्ते फुगवून मूळ पगार बारीक ठेवलाय का, ते आधी बघा.