पावती पुस्तकं छापायची असतील तर या प्रेसवर जा, फक्त बुधवारी नको

आधीच सांगते, प्रेसचं नाव लिहिणार नाही. मालकांनीच हात जोडले. "ताई, तुम्ही कौतुक करून मोकळ्या व्हाल आणि उद्या समोरच्या पक्षाचा माणूस माझी पायरी चढायचा नाही. मला सगळ्यांचंच छापायचंय." खरं आहे ते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन पक्षांच्या पत्रकांचे गठ्ठे एकाच फळीवर एकमेकांना टेकून ठेवलेले होते आणि त्यांच्यावर कुणाच्या तरी मुंजीच्या पत्रिका.

जागा एवढीच सांगते: नाशकात, रविवार कारंजा ते अशोकस्तंभ या पट्ट्यातल्या एका बोळात, जुन्या वाड्याचा तळमजला. पाटी आहे, पण तिच्यावरची निम्मी अक्षरं उडालीत. छापखान्याची पाटी असून! विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकाचं आधी."

मी पंचवटीत राहते. एका पतसंस्थेत २६ वर्षं कॅशियर होते. निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यात आमच्या पक्षाच्या प्रभाग समितीची खजिनदार झाले. पक्ष लहान आहे, कुठला ते सोडा. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "पैशाचं काम किचकट असतं, ताईंकडे देऊ," आणि ज्यांना ते काम नको होतं त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाती आली एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात अर्धवट फाडलेली सात पावती पुस्तकं आणि ३,४१० रुपये, त्यातली एक पाचशेची नोट चिकटपट्टी लावलेली.

त्या सात पुस्तकांमुळेच मी या प्रेसपर्यंत पोचले. ती दुसरीकडे छापलेली होती, स्वस्तात. संध्याकाळी चहा घेऊन वहीत नोंदी करायला बसले तर पावती क्रमांक २७३ दोनदा. एक किराणा दुकानदाराची ५०० रुपयांची, दुसरी एका डॉक्टरांची १,१०० ची. मग २७४ दोनदा. २५१ ते ३०० हे आख्खं पुस्तकच दोन वेळा छापलेलं. नंबर संगणकावरून टाकले होते, मधे कागद अडकला आणि पोराने तेवढाच भाग पुन्हा काढला, असा खुलासा मिळाला. असेलही. पण मी दुरुस्तीची नोंद करीपर्यंत चौकातल्या टपरीवर बातमी पोचली होती: यांच्याकडे दोन नंबरची पुस्तकं आहेत. शब्दशः खरं होतं, त्यामुळे भांडताही येईना.

तर हे नवे प्रेसवाले भाऊ. साठीच्या पुढचे, बनियनवर शर्ट आणि शर्टाच्या खिशात नंबरच्या चष्म्याचं एकच भिंग. ऑर्डर घेताना त्यांनी तीन प्रश्न विचारले. पुस्तकं किती? प्रती दोन की तीन? आणि पुस्तकं कोणाच्या ताब्यात राहणार? तिसरा प्रश्न मला आमच्या पक्षातसुद्धा कुणी विचारला नव्हता.

मी चाळीस पुस्तकं सांगितली, प्रत्येकी पन्नास पावत्या, तीन प्रती, ०००१ ते २०००. कार्बन घालावा लागत नाही तो कागद: पांढरी मूळप्रत देणगीदाराला, गुलाबी शहर कार्यालयाला, पिवळी स्थळप्रत पुस्तकात. मजकूर त्यांच्या मुलाच्या संगणकात जवळजवळ तयारच होता, नुसतं पक्षाचं नाव आणि चिन्ह बदलायचं. नाव, पत्ता, पॅन, रक्कम अंकी, रक्कम अक्षरी, रोख की चेक की यूपीआय, व्यवहार क्रमांक. आणि तळाला ठळक ओळ: "रु. २,००० पेक्षा अधिक देणगी रोखीने स्वीकारली जाणार नाही." ही ओळ नको असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं, लोक बिचकतात म्हणून. भाऊंनी वर न बघताच सांगितलं की २०१७ पासून कायदाच तसा आहे, दोन हजारांवर रोख घेतली तर पक्षाची आयकरातली सूट अडचणीत येते, आणि रोखीच्या देणगीवर देणाऱ्यालाही करात वजावट मिळत नाही. वर्षात एकाच माणसाकडून वीस हजारांच्या वर आले तर त्याचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावं लागतं, तेव्हा पत्त्याचा रकाना मोठा ठेवा, हा सल्लाही त्यांचाच. आमच्या प्रभागात वीस हजार एकरकमी देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण रकाना मोठा ठेवला. आशा असावी.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. नंबरिंग.

आत, मोरीच्या शेजारी, एक जुनं ट्रेडल मशीन आहे. छपाई आता त्याच्यावर होत नाही, ती ऑफसेटवर होते. ट्रेडल फक्त नंबर टाकायला आणि परफोरेशनला, म्हणजे फाडायच्या रेषेवर भोकं पाडायला. साच्यात नंबरिंगचा छोटासा डबा बसवलेला असतो, काडेपेटीपेक्षा लहान. एक काका उजव्या हाताने कागद आत सरकवतात, डाव्याने बाहेर काढतात, आणि मशीनच्या प्रत्येक ठोक्याला आकडा एकाने पुढे जातो. तीन कागदांचा संच एकदम आत जातो. वरच्या पांढऱ्या कागदावर लाल शाईत आकडा उठतो आणि त्याच दाबाने खालच्या गुलाबी-पिवळ्यावर निळसर उमटतो. म्हणजे तिन्ही प्रतींचे आकडे वेगळे होण्याची सोयच नाही. मी एक संच उचलून पाठीमागून बोट फिरवलं, ०११७ चा एकेक आकडा बोटाला लागत होता. दर पन्नास संचांनंतर काका थांबायचे, पहिला आणि शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायचे, आणि भाऊ बाहेरून वहीत खूण करत "हं" म्हणायचे. पतसंस्थेत आम्ही कॅश अशीच टॅली करायचो, एक म्हणणारा, एक लिहिणारा. मला तिथून उठवेना. मुलाने चहा आणून दिला तोही तिथेच, उभ्याने घेतला.

भाऊ तेव्हा एक गोष्ट बोलून गेले. त्यांचे एक नातेवाईक नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नाशकात नुसतं "प्रेसमध्ये" म्हटलं की नोटांची किंवा सिक्युरिटी प्रेस हे सांगावं लागत नाही. पक्षांना देणगी द्यायचे ते रोखे, इलेक्टोरल बॉण्ड, इथेच, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जायचे. एक हजारापासून एक कोटीपर्यंत. कागदावर देणाऱ्याचं नाव नाही, घेणाऱ्याचं नाही. नंबर होता, पण साध्या डोळ्यांना दिसायचा नाही, अतिनील दिव्याखाली धरला तरच. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजनाच घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्या महिन्यात स्टेट बँकेला ते छुपे नंबरसुद्धा जाहीर करावे लागले. "आमचा नंबर बघा," भाऊ म्हणाले, "लाल शाईत, आंधळ्यालासुद्धा बोटाने लागेल." एकाच गावात दोन्ही कामं चालायची. कोटीच्या कागदावर नाव नाही, आणि मी मात्र ५१ रुपये देणाऱ्या इस्त्रीवाल्याला पिनकोड विचारत हिंडते.

सगळं गोड गोड नाही. तक्रारी लिहिते.

पहिली, वेळ. चार दिवस सांगितले, अकरा लागले. मधे लग्नसराई होती, आणि लग्नपत्रिकेपुढे पक्षाचं काम मागे पडतं हे मी समजू शकते, पण फोन उचलून तसं सांगायला काय हरकत होती?

दुसरी, क्यूआर कोड. पावतीवर तो असावा हा हट्ट आमचा, पण छापताना पोराने तो पक्षाच्या रंगात छापला, फिका, आणि आकाराने एक रुपयाच्या नाण्याएवढा. एकाही फोनवर लागेना. पहिल्याच दिवशी मी आणि एक कार्यकर्ता एका मेडिकल दुकानासमोर उन्हात उभे, दुकानदार द्यायला तयार, आणि फोन नुसताच घुटमळतोय. शेवटी त्याने शंभराची नोट काढून दिली आणि म्हणाला, "राहू द्या काकू, तुमचा पक्ष डिजिटल होईल तेव्हा होईल." परत गेले. भाऊंनी चूक मान्य केली, काळ्या रंगात मोठ्या आकाराचे स्टिकर करून दिले, फुकट. ते दोन हजार स्टिकर चिकटवले मात्र मी, माझ्या सुनेने आणि तिच्या मैत्रिणीने. अजून कुकरच्या झाकणावर एक आहे.

तिसरी, मिसळीची कूपनं. निधीसाठी मखमलाबादच्या बाजूला एका मळ्यात मिसळ पार्टी ठेवली होती, १५० रुपयांचं कूपन. नाशकात लोकांना सभेला आणायचं तर घाम फुटतो, मिसळीला बोलवावं लागत नाही. कूपनांचं परफोरेशन इतकं खोल पडलं होतं की पिशवीतच निम्म्यांचे दोन तुकडे झाले. कुणी अर्धं कूपन घेऊन आलं, कुणी दुसरं अर्धं. शेवटी सगळ्यांना वाढलं. हिशेबात सतरा प्लेटा जास्त निघाल्या, त्या कुणी खाल्ल्या ते देवाला ठाऊक. यात भाऊंनी पैसे कमी केले नाहीत, "जपून न्यायची होती," म्हणाले. इथे मी एक तारा कापते.

आणि प्रूफ स्वतः वाचा. आमच्या पहिल्या प्रुफात "निधि" होतं आणि "खजीनदार" होतं. दुसऱ्यात "निधी" झालं, "खजीनदार" तसंच. तिसऱ्यात मी पेनाने गोल करून तिथेच बसून राहिले.

पण आता जे सांगते त्याच्यापुढे या तक्रारी किरकोळ आहेत. एका संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "ताई, तुमच्याकडून एक जण आलेत. आणखी पाच पुस्तकं पाहिजेत म्हणतात, ०४०१ पासून. ताईंना माहीत आहे म्हणतात." ०४०१ पासूनची पुस्तकं त्या क्षणी माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होती. आणि मला काहीही माहीत नव्हतं. तसं सांगितलं. पलीकडे दोन क्षण ट्रेडलचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "बरं. मशीन बिघडलंय म्हणून सांगतो." कोण आलं होतं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या बैठकीत आमचे एक पदाधिकारी माझ्या हातचा चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन लेखी पत्र दिलं: माझी सही आणि समितीचा शिक्का असल्याशिवाय पुस्तक छापू नये. ते पत्र त्यांनी मुलाच्या संगणकाच्या वर टाचणीने लावलंय. शेजारी आणखी चार पक्षांची तशीच पत्रं आहेत. म्हणजे आमच्याकडचंच हे नवल नव्हतं.

पत्रकांच्या बाबतीतही माणूस असाच काटेकोर. लोकसभेच्या वेळी, २० मे २०२४ च्या मतदानाआधी, आम्हाला एक साधं आवाहन छापायचं होतं. दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांचं घोषणापत्र आणल्याशिवाय त्यांनी प्लेट काढली नाही, आणि तळाला मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकलाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. आमचा तरुण कार्यकर्ता चिडला, बाजूच्या दुकानात झेरॉक्स काढू म्हणाला. भाऊ म्हणाले, "काढ. आत तू जाशील, मी नाही."

पुस्तकांचा फरक पडला का? वर्गणी मागणं सोपं झालं असं नाही. गणपतीत गेलं तर "आत्ताच मंडळाची फाडली", नवरात्रात गेलं तर "देवीची दिली", दिवाळीनंतर "ताई, आता हात आखडलाय". महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक बसला तो काळ तर विचारूच नका; नगरसेवकच नाही तर पक्षाला कशाला द्यायचं, असं लोक तोंडावर म्हणायचे. पण तो २७३ वाला किराणा दुकानदार, त्याच्याकडे मी मुद्दाम पहिल्यांदा गेले. त्याने पावती घेतली, उलटी केली, आकड्यावर अंगठा फिरवला आणि काही न बोलता तारेला अडकवली. २५१ रुपये. आधीच्या निम्मेच, पण दिले.

दर: तीन प्रतींचं पन्नास पावत्यांचं पुस्तक मला १२० रुपयांना पडलं, जीएसटी वेगळा. याहून स्वस्त मिळतं, मी आधी सांगितलंच कसं. अर्धे पैसे आगाऊ, यूपीआय चालतं. बसायला एकच स्टूल आहे आणि त्याच्यावर बहुधा कागद असतात. दुचाकी बोळाबाहेर लावा. पंचवटीकडून येणाऱ्यांनी बुधवारी जाऊ नका, गोदाकाठच्या बाजारामुळे पूल ओलांडायलाच अर्धा तास जातो. पाचपैकी चार तारे.

पुढची दहा पुस्तकं, २००१ ते २५००, मी गेल्या आठवड्यात सांगून आले. भाऊंनी आगाऊ घेतली नाही. आधीच्या शेवटच्या पुस्तकातली २००० ची स्थळप्रत दाखवल्याशिवाय डब्यात पुढचा नंबर लावणार नाही म्हणाले. ते पुस्तक एका कार्यकर्त्याकडे आहे. शनिवारी आणून देतो म्हणालाय, हा तिसरा शनिवार.