गुहागरचा होमस्टे, दत्तक बाळ घेऊन व्हिसाची वाट बघणाऱ्यांसाठी

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो नेटसाठी, त्यावर येतेच खाली. दोन दिवस समुद्रावर मजा करायला येणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, त्यांच्यासाठी रिव्ह्यू ढीगभर पडलेत. हा आहे परदेशातून येऊन भारतातून बाळ दत्तक घेणाऱ्यांसाठी, कारण कागद पूर्ण होईपर्यंत त्यांना इथेच कुठेतरी राहावं लागतं आणि कुठे राहायचं ते कुणी सांगत नाही.

आम्ही न्यू जर्सीत असतो, पासपोर्ट अमेरिकन, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, माझं माहेर चिपळूणचं. पण कायद्याच्या नजरेत आम्ही परदेशातून आलेलेच. त्यामुळे तिकडच्या एजन्सीकडून होम स्टडी (आपलं घर-संसार तपासून केलेला अहवाल), मग आय-८००ए (आपण दत्तक घ्यायला योग्य आहोत का, त्याचा अमेरिकन सरकारकडचा अर्ज), बाळ मॅच झालं की त्या बाळासाठी आय-८०० हा दुसरा अर्ज, मग कारा म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक संस्थेची एनओसी (ना-हरकत), अशी सगळी वारी. बाळ घाटावरच्या एका संस्थेतलं. बऱ्याच जणांना वाटतं की दत्तकाची ऑर्डर हातात पडेपर्यंत बाळ संस्थेतच राहतं आणि आईबापाने हॉटेलात नखं खात बसायचं. तसं नाहीये. एनओसी आल्यावर प्री-अडॉप्शन फॉस्टर केअर (दत्तकाआधीचा सांभाळ) म्हणून बाळ आपल्याकडे घेता येतं, फक्त भारताबाहेर न्यायचं नाही. ऑर्डर सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि नियमात त्याला दोन महिन्यांची मुदत आहे. एवढा काळ मुंबईत हॉटेलच्या एसी खोलीत रांगत्या पोराला घेऊन काढून बघा!

मग चिपळूणला माहेरी का नाही राहिलात, हा प्रश्न मला अख्ख्या कोकणाने विचारलाय. तर सोशल वर्करने बजावलं होतं की सुरुवातीचे आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं हे सगळं फक्त आईबाबांनीच करायचं, म्हणजे आपली माणसं कोण ते बाळाला कळतं. माहेरी हे कसं जमणार? आत्या, मावश्या, समोरच्या वैनी, प्रत्येकीला "दे गं जरा माझ्याकडे" करायचंच असतं, नाही म्हटलं की फुगून बसतात.

इथे मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते होमस्टेच्या काकूंचं. वरच्या पाटातलं (गुहागरमधली वस्ती) जुनं घर आहे, दोन खोल्या पाहुण्यांना देतात, मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की थेट समुद्र. पहिल्याच दिवशी मी काकूंना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की बाळाचं तू बघ, स्वैपाकाचं मी बघते. आणि खरंच शेवटपर्यंत त्यांनी स्वतःहून बाळाला उचललं नाही. लांबून बोलायच्या, टाळ्या वाजवायच्या, गाणी म्हणायच्या, पण हात पुढे नाही. घरातल्या आजींनाही त्यांनीच दम दिला होता.

जेवणाबद्दल काय लिहू. संस्थेने बाळाचं खाण्याचं टाइमटेबल लिहून दिलं होतं, काकूंनी ते फ्रीजवर चिकटवलं आणि त्याच वेळा पाळल्या. सकाळी नाचणीचं सत्व, अकराला गुरगुटा भात तूप-मीठ घालून, संध्याकाळी पेज. आमच्यासाठी घावणे, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, मासे पाहिजे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं. जार फूडच्या बाटल्या आम्ही अमेरिकेहून वाहून आणल्या होत्या त्या तशाच राहिल्या.

अजून एक, परदेशी पासपोर्टवाला माणूस राहिला की मालकाला २४ तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. किनाऱ्यावरच्या काही ठिकाणी हे ऐकूनच फोन ठेवून दिला आम्हाला. इथे काकांनी काही न बोलता भरला. तुम्ही फोनवरच विचारून घ्या.

आता तक्रारी. नेट. फायबर आहे असं सांगतात, आहे पण, फक्त लाइट गेली की तेही जातं कारण मोडेम इन्व्हर्टरवर नव्हता. आमचे एजन्सीबरोबरचे कॉल संध्याकाळी असायचे, म्हणजे तिकडची सकाळ, आणि लाइट नेमकी तेव्हाच जायची. सांगितल्यावर काकांनी मोडेम इन्व्हर्टरवर घेतला पण हे आधीच नको का? प्रिंटर नाही, झेरॉक्सला बाजारात जायचं तर दुपारी दुकान बंद. बाथरूमची लादी गुळगुळीत आहे, बाळाला बादलीनेच आंघोळ घालायची तयारी ठेवा. डास आहेत, वाडी म्हटल्यावर असणारच, मच्छरदाणी नेताना मापाची न्या. आणि मुलांचा डॉक्टर आम्ही चिपळूणचाच ठेवला, गाडीने तास-सव्वा तास जातो, तेव्हा तापाचं औषध, थर्मामीटर आधीच विचारून जवळ ठेवा.

शिमग्यात गेलात तर हेही लक्षात घ्या की चाकरमानी येतात, दुसरी खोली भरते, ढोल रात्री उशिरापर्यंत. बाळ दचकून उठायचं, दोन रात्री जागरण झालं. पण पालखी अंगणात आली तेव्हा मात्र मी सगळं माफ केलं. काकूंनी ओटी भरली, गाऱ्हाणं घातलं त्यात आमच्या कागदांचं पण आलं, "लवकर सुटू दे रे महाराजा" आणि सगळे जोरात "व्हय महाराजा". बाळ माझ्या कडेवर, डोळे एवढे मोठे करून पालखी नाचवणाऱ्यांकडे बघतंय. फोटो टाकत नाहीये, टाकूही नये, दत्तक प्रक्रियेतल्या मुलाची ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी आहे.

निघायचं कधी, हे नीट ठरवा. ऑर्डर आल्यावर कॉन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक हेग या आंतरराष्ट्रीय करारानुसार झालं असा दाखला, कारा देते, तीन कामकाजाचे दिवस), आईबाप म्हणून आपली नावं असलेला बाळाचा जन्मदाखला आणि बाळाचा भारतीय पासपोर्ट. हा पासपोर्ट येईपर्यंत गुहागर सोडू नका, दिल्लीत जाऊन बसण्यात काही अर्थ नाही. आमचा एक कागद एका ऑफिसात साहेब रजेवर म्हणून अडकला, तो काळ आम्ही वाडीत झोपाळ्यावर काढला, दिल्लीत काढला असता तर वेड लागलं असतं. पासपोर्ट आला की मग दिल्ली, कारण दत्तक मुलांचे अमेरिकन व्हिसा दिल्लीच्या दूतावासातच होतात, मुंबईत नाही. तिथे ठरलेल्या डॉक्टरकडे मेडिकल, मग आयएच-३ व्हिसा (दत्तक भारतातच पूर्ण झालेल्या मुलांचा). त्यावर तिकडे उतरलं की बाळ आपोआप अमेरिकन नागरिक होतं, सर्टिफिकेट नंतर पोस्टाने येतं. नंतरही दोन वर्षं एजन्सीचे फॉलो-अप रिपोर्ट असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी.

काकूंनी आमची तारीख तीनदा बदलली तरी एक पैसा जास्त घेतला नाही, हे लिहायलाच हवं. निघताना नाचणीचं सत्व बांधून दिलं, ते कस्टमला डिक्लेअर केलं, कुणी अडवलं नाही. बॅगेत वरच ठेवायच्या गोष्टी म्हणजे ऑर्डरच्या सर्टिफाइड कॉपी आणि संस्थेतून आलेलं दुपटं, ते न धुता, ओळखीचा वास असला की बाळ विमानात झोपतं. बॅसिनेटवर (विमानातला बाळाचा पाळणा) फार विसंबू नका, वजनाची मर्यादा असते, आमचं पोर गुरगुट्या भातावर त्या मर्यादेबाहेर गेलं होतं.

महिन्याचा रेट वेगळा आहे, बोलून कमी होतो. बुकिंग फोनवरच, दुपारी एक ते चार फोन करू नका, काकू उचलत नाहीत आणि काकांनी उचलला तर "ती झोपल्ये" एवढंच सांगतात.